तू व्हर्सिटी लिहिलं नाहीस

परवा रात्री साडेनऊला एका मैत्रिणीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं, मग तिचा आवाज एकदम खाली गेला, दार लोटल्याचं सुद्धा मला फोनवर ऐकू आलं. म्हणाली, "अगं, शाळेतल्या डेकॅथलॉनच्या, त्या अभ्यासाच्या स्पर्धेच्या, कोचने बोलावलंय त्याला. टीममध्ये घेतो म्हणतायत." मी म्हटलं छानच की. तर म्हणे, "छान काय, सी मध्ये घेतायत गं. व्हर्सिटी का काय म्हणतात ते. म्हणजे कमी मार्कवाल्या मुलांची जागा. जाऊ देऊ का?" मी तिला जे सांगायचं ते सांगितलं, फोन ठेवला, ओटा पुसला, दिवे घालवले, आणि अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की मला झोप येत नाहीये. तिचा मुलगा, त्याची टीम, ते सगळं ठीकच होईल. पण तो दबका आवाज मला ओळखीचा वाटत होता. दहा वर्षांपूर्वी तो माझा होता.

२०१६ चा फेब्रुवारी. कॅलिफोर्नियातली आमची ऑरेंज काउंटी, अ‍ॅकॅडमिक डेकॅथलॉनच्या बक्षिसांची रात्र. हॉलमधून बाहेर पडून पार्किंगकडे चालता चालताच मी माहेरच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, "आज चिरंजीवांना अ‍ॅकॅडमिक डेकॅथलॉनमध्ये संगीत विषयात ब्राँझ मेडल! सगळ्या काउंटीतून!!" सोबत फोटो, गळ्यात मेडल, बाबांचा टाय थोडा वाकडा. तिकडे सकाळ झालेली, सगळे चहाच्या कपासोबत फोन घेऊन बसलेले, त्यामुळे गाडीपर्यंत पोचेतो टाळ्या, लाडू, "आत्याचा आशीर्वाद", "कुलदीपक" असं सगळं धडाधड यायला लागलं. लेक माझ्या शेजारी बसला, बेल्ट लावला, आणि स्वतःच्या फोनवर तोच ग्रुप वाचत होता. मी ते विसरलेच होते, की तोही त्या ग्रुपवर आहे. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आई, तू व्हर्सिटी लिहिलं नाहीस."

मी गाडी सुरू केली.

"राहिलं रे," म्हटलं. पण ते राहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, "संगीत विषयात, व्हर्सिटी गटात" असं पूर्ण लिहिलं होतं, आणि मग पाठवायच्या आधी ते दोन शब्द खोडले होते. अंगठ्याने एकेक अक्षर मागे घेत. का, तर उद्या कुणीतरी विचारणार, व्हर्सिटी म्हणजे काय गं, आणि मग मला सांगावं लागणार.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण त्याशिवाय ते दोन शब्द का खोडले ते कळणार नाही. दहा विषय असतात. कला, अर्थशास्त्र, साहित्य, गणित, संगीत, विज्ञान, समाजशास्त्र, या सात विषयांचे पेपर, अर्ध्या अर्ध्या तासाचे, पर्याय निवडायचे. मग एक निबंध. आणि दोन गोष्टी ज्यात पेन लागतच नाही, भाषण आणि मुलाखत. भाषण चार मिनिटांचं तयार केलेलं, आणि लगेच त्यानंतर एक आयत्या वेळी दिलेल्या विषयावर, विचार करायला एक मिनिट. मुलाखत सात मिनिटं, समोर ओळख ना पाळख असलेली मोठी माणसं. प्रत्येक विषयाला हजार गुण, म्हणजे एका मुलाचे दहा हजार. आणि हे झाल्यावर सुपर क्विझ, ती मात्र सगळ्यांसमोर, आईबाप बाकांवर बसून ओरडतायत. वर्षभर सगळ्या विषयांना मिळून एकच सूत्र असतं, गणित सोडून जवळजवळ सगळं त्याच्याभोवती फिरतं. पण या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती टीमची रचना. टीम नऊ मुलांची. त्यातली तीन ए ग्रेडवाली, त्यांना ऑनर्स म्हणतात. तीन बी वाली, स्कोलॅस्टिक. आणि तीन सी आणि त्याखालची, व्हर्सिटी. तेव्हा जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, ३.७५ किंवा त्याच्या वर असला की ऑनर्स, ३ पासून तिथपर्यंत स्कोलॅस्टिक, ३ च्या खाली व्हर्सिटी. प्रत्येक गटातल्या दोघांचे सगळ्यात चांगले गुण धरतात, सहा जणांचे मिळून साठ हजारांपैकी टीमचा आकडा. म्हणजे ए वाल्या मुलाचे हजार आणि सी वाल्या मुलाचे हजार, बेरजेत एकच. कितीही हुशार पोरं गोळा केलीत तरी सी वाली तीन तुम्हाला शोधावीच लागतात, आणि चांगली शोधावी लागतात.

ही कल्पना काढली रॉबर्ट पीटरसन नावाच्या माणसाने, ते आमच्या ऑरेंज काउंटीच्या शाळांचे मुख्य अधिकारी होते, १९६८ साली. देशभरची स्पर्धा १९८२ पासून, पहिली लॉस एंजेलिसला लोयोला मेरीमाउंट विद्यापीठात. म्हणजे मी ज्या रस्त्यांवरून रोज भाजी आणायला जाते तिथलीच ही गोष्ट. मला कधी कधी वाटतं, त्या माणसाच्या डोक्यात हे नेमकं कुठून आलं असेल, की हुशार मुलांची स्पर्धा भरवायची आणि दार मात्र सगळ्यांना उघडं ठेवायचं. अॅथलेटिक्समध्ये डेकॅथलॉन म्हणजे दहा खेळ, सगळ्यात थोडं थोडं येणारा खेळाडू, तिथपर्यंत कुणालाही सुचेल. पण तिघं तिघं, हे सुचायला काहीतरी बघितलेलं असावं लागतं.

माझ्या लेकाचा जीपीए होता २.७. तो ढ नव्हता, हे मी आई म्हणून सांगत नाहीये, त्याच्या शिक्षकांनीच मला तीनदा सांगितलं होतं. पेपरात चांगले मार्क असायचे. होमवर्क द्यायचाच नाही. करून बॅगेत तसाच ठेवायचा, किंवा अर्धं करून दुसरंच काहीतरी वाचत बसायचा, रात्री एक वाजता दाराखालून उजेड दिसायचा, आत जाऊन बघावं तर खंडांच्या सरकण्यावर काहीतरी. इथे होमवर्कचे शून्य मोजतात, दहा शून्य झाले की बी चा सी व्हायला वेळ लागत नाही. आमच्या घरी त्या दोन वर्षांत जेवढी भांडणं झाली ती सगळी त्या शून्यांवरून. आणि मग अकरावीच्या सुरुवातीला कोचबाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं. मला वाटलं पुन्हा तक्रार. तर त्या म्हणाल्या, आम्हाला तुमचा मुलगा टीममध्ये हवाय. त्यांच्या टेबलावर एका कागदावर तीन रकाने होते, ए आणि बी चे भरलेले, सी च्या रकान्यात दोनच नावं. त्यांनी पेन्सिलने तिसऱ्या ओळीवर हलकेच टोक ठेवलं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्या आनंदाच्या खाली काहीतरी टोचत होतं. माझ्या मुलाची निवड होतेय ती त्याला कमी मार्क आहेत म्हणून, असं त्याक्षणी माझ्या डोक्यात आलं. आणि मी जे विचारलं ते आजही आठवलं की पोटात कसंतरी होतं. नियमाप्रमाणे खालच्या गटातला मुलगा वरच्या गटात खेळू शकतो, वरचा खाली येऊ शकत नाही, हे मी आधीच नेटवर वाचून गेले होते. मी विचारलं, "त्याला स्कोलॅस्टिकमध्ये नाही का घेता येणार?"

तो तिथेच बसलेला होता.

कोचबाई म्हणाल्या, घेता येईल, पण मला त्याची गरज इथे आहे. आणि पेन्सिलने तिसऱ्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं.

त्या वर्षीचं सूत्र होतं भारत. हो, २०१५-१६ च्या डेकॅथलॉनचा विषय भारत होता. हे कळल्यावर आमच्याकडच्या सगळ्यांनी एकच म्हटलं, मग काय, तुमच्या घरचंच कार्य! टीममधली मुलंही त्याला तेच म्हणायची. पण तो इथे जन्मलेला, दर तीन वर्षांनी महिनाभर मिरजेला जाणारा मुलगा, त्याला भारत म्हणजे आजीच्या घरची मच्छरदाणी, रिक्षा, आणि कैरीचं पन्हं. बाकी सगळं तोही त्या जाड गाइडमधूनच शिकत होता, इतरांसारखंच, पिवळ्या मार्करने ओळी रंगवत. त्याला याचं ओझं व्हायचं. एकदा रात्री खाली आला, हातात पुस्तक, आणि विचारलं, "आई, सातारा म्हणजे तेच का जिथे आपली एसटी थांबली होती आणि आपण कंदी पेढे घेतले?" तो डलहौसीने वारस नाही म्हणून संस्थानं खालसा केली ते वाचत होता, १८४८ ला सातारा. मी म्हटलं तेच. तर तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, जिन्याच्या कठड्याला धरून. मग म्हणाला, "ओके," आणि वर गेला. मला त्या "ओके" मध्ये इतकं काही ऐकू आलं की मी त्या रात्री त्याला होमवर्कबद्दल काहीच विचारलं नाही.

दर रविवारी ती नऊ मुलं कुणाच्या तरी घरी जमायची, बऱ्याचदा आमच्याकडे, कारण विषय भारत आणि खायला पोहे. अर्धी मुलं व्हिएतनामी घरांतली, दोन मेक्सिकन, एक कोरियन, एक गोरा लांबुडका मुलगा आणि आमचा. दिवाणखान्यात जमिनीवर पसरलेली, सगळीकडे फ्लॅशकार्ड, कोथिंबीर आणि मार्करच्या शाईचा एकत्र वास. ऑनर्समधली एक व्हिएतनामी मुलगी मला धरून बसवायची आणि उच्चार विचारायची, मोहेंजोदडो म्हणा, चोळ म्हणा, अशोक म्हणा. आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे की यात ए कोण, बी कोण, सी कोण. सांगायला वाईट वाटतं पण मी खरंच बघायचे. कोण पटकन उत्तर देतंय, कोण गप्प आहे. आणि सांगते, मला ओळखता यायचं नाही. व्हर्सिटीतला तो मेक्सिकन मुलगा, संध्याकाळी वडिलांबरोबर बागकामाला जायचा म्हणून शाळेत झोपायचा असं नंतर कळलं, तो अर्थशास्त्रातले आलेख असे काढायचा की ऑनर्सवाली मुलं त्याच्या वहीत बघायची. एक रविवार तो आला नाही तर ती मुलगी सारखी दाराकडे बघत होती, म्हणत होती की त्याच्याशिवाय मागणी पुरवठा मला कोण समजावणार.

आमच्या शाळेत तुकड्या होत्या. तुमच्याही असतील. सातवीच्या मार्कांवर आठवीत अ, ब, क, ड. मी अ मध्ये. माझा दादा माझ्याहून एकच वर्षाने मोठा, तो ड मध्ये. अ तुकडीचा वर्ग ऑफिसच्या शेजारी, वारा खेळता, खिडक्यांना काचा. ड तुकडी मागे पत्र्याखाली, पाऊस पडायला लागला की सरांचा आवाज ऐकू यायचा नाही, मग मुलं गप्प बसून नुसता पाऊस ऐकायची. जादा तास अ तुकडीला. प्रज्ञाशोधचा फॉर्म अ तुकडीला. वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, नोटीस आली की शिपाई आधी आमच्या वर्गात यायचा, आणि बऱ्याचदा आमच्याच वर्गात संपायची. कुणी मुद्दाम ड तुकडीला अडवलं असं नाही. त्यांना विचारावं हेच कुणाच्या डोक्यात यायचं नाही, माझ्याही नाही. स्नेहसंमेलनात बक्षिसं असायची, कंपासपेटी, स्टीलचा डबा, प्रशस्तिपत्र, आणि पहिल्या तिघांच्या खाली उत्तेजनार्थ. मला एकदा निबंधात उत्तेजनार्थ मिळालं होतं तर मी दोन दिवस रडले होते. उत्तेजनार्थ! तेव्हा वाटलं होतं याहून मोठा अपमान नाही.

आता दादाचं सांगते. दादाला कान होता. कुठून आला देव जाणे, आमच्या घरात कुणी गाणारं नाही, पण मिरजेत जन्मलेला, दर्ग्यात उरसाला रात्रभर गाणं चालायचं तिथे जाऊन बसायचा, पेटीवर हात ठेवला की वाजायला लागायची. आंतरशालेय समूहगीत स्पर्धेला आमच्या पाच मुली उभ्या राहायच्या, सगळ्या अ तुकडीतल्या, त्यात मी. पेटीच्या साथीला दादा. चाल बसवून घेणारा तोच, कोण कुठे बेसूर होतंय ते सांगणारा तोच, डोळे मिटून एका बोटाने त्या पट्टीवर टक टक करायचा, की इथे, इथे घसरतेस. दोन वर्षं ढाल आणली आम्ही. ढाल घ्यायला स्टेजवर पाच मुली. साथीदाराला बक्षीस नसायचं. तसा नियमच होता, त्यात शाळेचं काही नाही. दादा खाली पेटीचा भाता बांधत असायचा, कापड टाकत असायचा. मला आठवतंय की ढाल हातात असताना मी एकदा खाली बघितलं, तो हसत होता. मनापासून. मला ते चाळीस वर्षं नीट लक्षात आहे आणि मी त्याचा अर्थ कधी लावून बघितला नव्हता.

दादा दहावीला दोनदा बसला. मग सतारमेकरांच्या गल्लीत एका दुकानात लागला, आधी झाडलोट, मग पॉलिश, मग तारा चढवणं. आता तो जवारी काढतो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तंबोऱ्याची घोडी असते ना, जिच्यावरून तारा जातात, तिचा माथा कानशीने अगदी केसभर उतरता घासायचा, इतका की तार एका ठिकाणी टेकत नाही, टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते, म्हणून तो भरलेला, गोल आवाज येतो. खाली सुताची जिवाळी सरकवून तो आवाज उघडायचा. जास्त घासलं की घोडी गेली. मोजायला काही यंत्र नाही, कान आणि बोट. मोठे मोठे गवई दादाच्या हाताची जवारी हवी म्हणून थांबतात असं दुकानाच्या मालकांनी मला स्वतः सांगितलंय.

आणि त्या वर्षी डेकॅथलॉनच्या संगीतात तंबोरा आला. लेकाला वाचून काही कळेना. चार तारा, सतत वाजतात, गाणारा त्यावर गातो, इतपत ठीक, पण नुसत्या तारेतून मधमाशांचं पोळं उठल्यासारखा आवाज का येतो? यूट्यूबवर ऐकलं, तरी कळेना. मी म्हटलं मामाला विचार की. म्हटलं आणि विसरले. तर याने खरंच लावला व्हॉट्सअ‍ॅप कॉल, इथली रात्र, तिथली सकाळ, दुकान नुकतं उघडलेलं. मग ते रोजचंच झालं. मोडक्या मराठीत हा विचारायचा, मामा समोरच्या तंबोऱ्याची तार छेडून दाखवायचा, म्हणायचा, "ऐक हं. आता जिवाळी काढतो. ऐकलंस? मेला की न्हाई आवाज? आता घालतो. बघ, उठला." दाराखालून उजेड आणि उजेडाबरोबर आता तो आवाजही यायचा, पंचम, जोड, खर्ज. मी पायरीवर बसून ऐकायचे. दोघंही आपापल्या शाळेत मागच्या वर्गात बसलेले, आणि माझ्या घरात रात्री साडेदहाला त्यांचा तास चाललाय.

स्पर्धेच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही, पेपरांना आईबापांना आत सोडत नाहीत, आम्ही बाहेर गवतावर बसून होतो. मुलाखतीहून आला तेव्हा कोट काखेत, शर्ट पाठीला चिकटलेला, विचारलं तर "बरी झाली" एवढंच. सुपर क्विझ मात्र बघितली. व्यायामशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर टेबलांची रांग, बाकांवर आम्ही. गटागटाने मुलं पुढे येतात, प्रश्न मोठ्याने वाचतात, उत्तर दिलं की बरोबर का चूक तिथल्या तिथे कळतं. व्हर्सिटीची मुलं पुढे आली तेव्हा माझ्या मागच्या बाकावरून एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, हे सी वाले, आपला नंतर आहे. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आणि तेवढ्यात तंबोऱ्यावरचा प्रश्न आला. पर्याय वाचून संपायच्या आधी माझा मुलगा खाली लिहून मोकळा झाला होता, पेन टेबलावर आडवं ठेवलेलं, आणि तो समोर बघत होता, कुठेतरी लांब. ते बागकामवाल्या घरातलं पोरगं पण बरोबर. तिसरी मुलगी पण बरोबर. आमच्या बाजूच्या बाकांवरून जो आवाज उठला, त्यात मीही होते, घसा बसला माझा.

बक्षिसांची रात्र लांबते. हिशोब करून बघा, दहा विषय, प्रत्येकात तीन गट, प्रत्येक गटात सोनं, चांदी, ब्राँझ, नव्वद मेडलं नुसती विषयांची, बरोबरी झाली तर त्याहून जास्त, मग एकूण गुणांची, मग टीमच्या ट्रॉफ्या. दोन तास नावं चाललेली. काही मुलांच्या गळ्यात आठ आठ मेडलं, चालताना खुळखुळ वाजतात, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेसारखी, आणि ती मुलं लाजून हाताने धरतात, वाजू नये म्हणून. प्रत्येक विषयात आधी व्हर्सिटी पुकारत होते. माझं एक लक्षात आलं, टाळ्या तिन्ही गटांना सारख्याच पडत होत्या. म्हणजे त्या हॉलमध्ये तरी. व्हर्सिटीतल्या एका मुलीला साहित्यात गोल्ड मिळालं तर तिच्या टीममधली ऑनर्सची मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. माझ्या मुलाचं नाव आलं तेव्हा मी फोटो काढत होते म्हणून नीट बघायचं राहूनच गेलं, फोटोत मात्र त्याच्या मागे ती व्हिएतनामी मुलगी दिसते, दोन्ही हात तोंडावर. त्याने ते मेडल उचलून उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. त्या हॉलमधून बाहेर पडून पार्किंगपर्यंत शंभर पावलं असतील. तेवढ्यात मी ते दोन शब्द खोडले.

घरी आल्यावर तो न बोलता वर गेला. मी स्वयंपाकघरात उभी, फोनवर अजून लाडू येतायत. आणि त्यात दादाचा काहीच मेसेज नाही. दादा ग्रुपवर फारसा लिहीत नाही, त्याला टाइप करायला कंटाळा येतो. मी फोन लावला. मागे कानशीचा आवाज येत होता, खर्र, खर्र, मग थांबला.

"मिळालं म्हणं पोराला."

"हो दादा. संगीतात. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळं काय, त्यानं लिवलं पेपरात." मग थोडं थांबून, "कितवा आला?"

आणि मी सांगितलं. कसं सांगितलं मला माहीत नाही, पण सगळं सांगितलं, तीन गट असतात, याला मार्क कमी म्हणून हा तिसऱ्या गटात, तिसऱ्या गटात तिसरा, ब्राँझ. तिकडे एकदम शांत. दुकानाबाहेरून एक रिक्षा गेली तेवढी ऐकू आली.

"म्हंजे तिकडं ड तुकडीतली पोरं पण घेत्यात?"

"घ्यावीच लागतात दादा. तीन. नाहीतर टीमच होत नाही."

"आणि त्यांचे मार्क धरत्यात?"

"धरतात. तेवढेच. ए वाल्यांच्या एवढेच."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मी पण नाही. मला त्याला काय काय सांगायचं होतं, की ढाल आणली तेव्हा तू खाली होतास, की मी बघितलं होतं, की मी आत्ताच तासाभरापूर्वी तेच पुन्हा केलंय आणि ते पण माझ्या पोराशी. घशाशी येऊन सगळं तिथेच अडकलं. माझं रडणं त्याला कळलं असावं. कान आहे त्याला.

"पोराला दे की फोन," तो म्हणाला.

मैत्रिणीला मी परवा यातलं काही सांगितलं नाही. गुण कसे धरतात ते सांगितलं, आमच्या काउंटीत हे कसं चालतं ते, आणि पाठव, नक्की पाठव, एवढं. त्या वर्षी नॅशनल्स अलास्कात अँकरेजला झाल्या, लॉस एंजेलिसच्या ग्रॅनडा हिल्स चार्टरची मुलं जिंकली, आमची टीम काउंटीच्या पुढे गेलीच नाही, हेही तिने विचारलं म्हणून सांगितलं. मेसेजचं मात्र सांगता आलं नाही. ग्रुपवरचा तो मेसेज अजून तसाच आहे, फोन बदलले तरी बॅकअपमधून येतोच आहे.

त्या रात्री मी जिन्यावरून वर गेले आणि दाराच्या फटीतून फोन आत दिला. त्याने घेतला. दार पूर्ण लागलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले.

"व्हर्सिटी, मामा," तो सांगत होता. "व्ह-र्सि-टी."

"वर्शिटी."

"हां, तेच."

"बरं ते राहू दे. हे ऐक. नवा आलाय, पुण्याच्या बाईंचा. सकाळपासनं बसलोय घेऊन." आणि मग ती तार, एकटी, लांबून, हजारो मैलांवरून थोडी खरखरत आलेली. "कसा वाटतोय?"

आत शांत. तो ऐकत होता. दिवा घालवून ऐकत होता, दाराखालचा उजेड गेला होता.

"जोड अजून बंद आहे, मामा," तो म्हणाला. "थोडं घास."

आणि कानस सुरू झाली.